वीज सांडते का हो?

असे इकडेतिकडे बघू नका. बॉनेटकडे तर मुळीच नको. तिथे इंजिन असतं आणि ते आधीच स्वतःला फार शहाणं समजतं. कुठल्याही पेट्रोल गाडीच्या मागच्या बाजूला जा आणि खाली वाका. आणखी जरा. गुडघे कुरकुरतात का? कुरकुरू द्या. मागच्या सीटच्या खाली चिखलाने माखलेलं, काळं, चपटं असं काहीतरी दिसेल. तसलीच एक मी. पेट्रोलची टाकी. आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार, कारण इतकी वर्षं तुम्ही माझ्या डोक्यावर बसून बोलत होतात आणि मी ऐकत होते.

माझा जन्म साधाच. पत्र्याच्या दोन खोलगट पराती एकमेकींवर उपड्या घातल्या, कडेने शिवण मारली, झाली टाकी. पोटात एक आडवा पत्रा बसवला, म्हणजे वळणावर पेट्रोलने इकडून तिकडे धिंगाणा घालू नये. पुढच्या अंगाला एक नळी, तिच्यातून इंजिन चोखतं. आणि एक तरंगता गोळा. पेट्रोल वर गेलं की गोळा वर, खाली गेलं की खाली, आणि त्याप्रमाणे समोरचा काटा हलतो. माझं शिक्षण बेताचं. पंपावरच्या पाट्या आणि गॅरेजातल्या शिव्या, एवढ्यावर मी शिकले. पण गाडीखाली राहून माणसांच्या चपला आणि बोलणी दोन्ही कळतात. त्यामुळे माझं काही अडलं नाही.

मी ज्या घरात आले ते एका रंगाऱ्याचं घर. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. हात सुंदर, पण स्वभाव खोडकर. बायको केक करायची. सगळी गल्ली तिला केकवाली म्हणायची, आणि तिच्या पांढऱ्याशुभ्र खोक्यावर या पठ्ठ्याने एकदा अशी हुबेहूब माशी रंगवली की ती बिचारी फडकं घेऊन सकाळभर माशीला मारत होती. माशी हलेना, रंगारी हसू दाबून चहा पीत बसलेला. शेवटी तिने तेच फडकं त्याच्या डोक्यावर हाणलं. असा संसार.

माझी आणि रंगाऱ्याची पहिल्या वर्षातच गट्टी जमली. एका दगडावरून गाडी घासली आणि माझ्या पोटाला पोचा आला. आतल्या गोळ्याचा दांडा वाकला. तेव्हापासून काटा शून्यावर पडला तरी माझ्या पोटात बऱ्यापैकी पेट्रोल शिल्लक असायचं. मिस्त्री म्हणाला, सरळ करून देतो. रंगारी म्हणाला, हात लावू नकोस. त्याला खेळणंच मिळालं होतं. पाहुण्यांना गाडीत बसवायचं, त्यांना काटा दाखवायचा, चेहरा पाडायचा आणि म्हणायचं, पोचलो तर पोचलो. पाहुणे हात जोडून बसायचे. मी खाली पोट धरून हसायचे, आणि माझ्याएवढं पोट धरायला दुसऱ्या कुणाला आहे?

पण या खेळाची त्याला सवय लागली. टाकी भरायचीच नाही. सतत तळाशी, सतत शून्याच्या खाली. त्याला वाटायचं, शून्य ही फक्त घाबरवायची जागा आहे, खरं संपणं पुढे कुठेतरी असतं.

आता गोष्टीकडे येते. केकवालीचा धंदा घाटाच्या अलीकडच्या गावात बरा चालायचा, पण तिचा डोळा घाटापलीकडच्या मोठ्या हॉटेलवर होता. तिथे लग्नं लागायची, मेजवान्या व्हायच्या. तिने दोनदा तिथे केक नेला आणि दोन्ही वेळा तो पोचेपर्यंत एका कुशीवर कलंडला. आमच्या गाडीचा एसी कधीच मेला होता. खिडक्या उघड्या टाकून, ओली फडकी लावून ती मलईचा तीन मजली केक मांडीशी धरून बसायची आणि उन्हाळा तिच्या डोळ्यांदेखत तो खायचा. हॉटेलच्या मुख्य आचाऱ्याने फोनवर सांगितलं की बाई, चव तुमच्यासारखी कुणाची नाही, पण पाहुण्यांसमोर आडवा केक ठेवता येत नाही. आता एकदाच आणा. उभा आला तर वर्षभराचं काम तुमचं, नाहीतर मला दुसरं कोणी बघावं लागेल.

त्या दिवशी केकवाली खूप वेळ ओट्याशी नुसतीच उभी होती. मला तिच्या चपला दिसत होत्या, दारातून. हलत नव्हत्या.

त्यांची लेक विजेच्या गाड्या विकणाऱ्या दुकानात कामाला. तिने काय केलं, एक छोटी गाडी आठ दिवसांसाठी घरी आणली. म्हणाली, आई, हिच्यातला एसी बर्फासारखा आहे, केक घेऊन जा, आवडली तर ठेव, नाहीतर मी परत नेईन. आणि ती गाडी अंगणात माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. ना धूर, ना खोकला. नव्या सुनेसारखी पाऊल न वाजवता आली.

सून कसली, सवत. मी आधी तेच म्हटलं. तिच्या पोटाखाली जी बॅटरी होती तिला मी पहिल्याच दुपारी हटकलं. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पसरली होती, सतरंजी अंथरल्यासारखी.

“केवढी गं तू,” मी म्हटलं. “वजन किती?”

“तीनशे किलो, आजी.”

बघा, आजी म्हणाली. राग यायचा तो निम्मा तिथेच गेला. पण मी सोडते की काय.

मी तिला म्हटलं, पोरी, मी काठोकाठ भरले तरी माझ्या पोटातलं पेट्रोल तीस किलो. आणि तेवढ्यावर मी या माणसाला दिवसभर हिंडवून आणते. तू माझ्या दहापट जाड, आणि जाणार माझ्या निम्मं. मला भरायला किती वेळ लागतो? तो रंगारी पंपावर पाय मोकळे करतो, तेवढा. तुला रात्रभर बाटलीवरच्या बाळासारखं लावून ठेवावं लागतं. शिवाय मी रिकामी झाले की हलकी होते. तू रिकामी असलीस तरी ओझं तेवढंच. रिकाम्या पोटी कोणी जाड असतं का?

ती चिडली नाही. चिडत नाहीत ही नवी पोरं, हाच त्यांचा मोठा दोष. शांतपणे म्हणाली, “आजी, तुमच्यातून इंजिन चार घोट घेतं, त्यातले चाकाला किती मिळतात?”

उत्तर मला माहीत होतं. तुम्हालाही माहीत असायला हवं, इतकी वर्षं बॉनेटवर हात ठेवून चटका खाल्लात तो कशाचा? चार घोटांतले तीन जातात तापण्यात, धुरात, खडखडाटात. एखादाच चाकापर्यंत पोचतो. मी दिलेलं सोनं ते इंजिन चुलीत घालतं. बॅटरी म्हणाली, माझ्यातलं बहुतेक सगळं चाकाला जातं, म्हणून मी थोडं घेऊनही पोचते.

“आणि उतारावर,” ती म्हणाली, “मला परत मिळतं.”

“काय परत मिळतं?”

“वीज. ब्रेक लावला की मोटर उलटी चालते आणि मला भरते.”

मी हसले. इतकी हसले की माझं झाकण वाजलं. मी म्हटलं, पोरी, मी हयातभर उतार उतरले आहे. उताराने मला आजपर्यंत एक थेंब दिला नाही. तू मला खोडी शिकवतेस? मी खूश झाले, जिंकले म्हणून. म्हातारपणी असं लवकर खूश होता येतं.

घरात त्या संध्याकाळी पैज लागली. रंगारी म्हणाला की केक उभा पोचला तर माझी गाडी मी स्वतः मिस्त्रीकडे सोडून येईन, सुटे भाग करायला. नाही पोचला तर ही विजेची परत जाईल आणि या घरात तिचं नाव निघणार नाही. केकवाली म्हणाली, कबूल. मला कुणी विचारलं नाही. माझ्या जिवावर पैज लावली आणि दोघं जेवायला बसली.

जेवणं उरकल्यावर रंगारी अंगणात आला. त्याच्या जुन्या चपला मी ओळखते, डाव्या पायाने घासत चालतो. विजेची गाडी चार्जिंगला लावली होती आणि आत पंख्यासारखं काहीतरी घुमत होतं. लेकीने बजावलं होतं की रात्रभर राहू द्या, भरली की आपोआप थांबते. पण ‘आपोआप’ या शब्दावर त्याचा जन्मात विश्वास नव्हता. एकदा पंपावरचा माणूस गप्पांत रंगला होता आणि माझ्या तोंडातून पेट्रोल भळभळ सांडून रंगाऱ्याच्या पायावर आलं होतं. ते त्याच्या डोक्यात बसलेलं. त्याने आकडा पाहिला, निम्म्याच्या वर गेला होता आणि वाढतच होता. तो जरा वेळ डोकं खाजवत उभा राहिला. मग पुटपुटला की उगाच सांडायची, आग लागायची. आणि त्याने प्लग काढला, वायरीची नीट गुंडाळी केली, खिळ्याला टांगली आणि झोपायला गेला. अगदी समाधानाने. पैज जिंकायची होती त्याला, पण बायकोची गाडी जळायला नको होती.

मी सगळं पाहिलं. बॅटरी मला म्हणाली, “आजी, त्यांना सांगा ना.” मी म्हटलं, मी सांगितलेलं त्यांना ऐकू आलं असतं तर काट्याची गंमत इतकी वर्षं चालली असती का?

सकाळी केक खोक्यात गेला, खोकं गाडीत गेलं, केकवाली चाकावर बसली आणि तिने आकडा पाहिला. मग ती खाली उतरली. वायर खिळ्याला टांगलेली पाहिली. रंगारी दात घासत दारात उभा होता.

तिने विचारलं, प्लग तुम्ही काढलात? तो म्हणाला, हो, सांडू नये म्हणून. ती त्याच्याकडे बघत राहिली. आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाने माशी रंगवली, पाहुण्यांना रडवलं, तो पैज लागली त्याच रात्री प्लग काढतो आणि म्हणतो सांडू नये म्हणून. कोण विश्वास ठेवील? जन्मभर खोटं बोलून सगळ्यांना हसवलं, आणि पहिल्यांदा खरं बोलला तर कुणी हसेना. ती भांडली असती तर बरं झालं असतं. दार लावलं आणि निघाली, कारण दुपारच्या मेजवानीआधी केक पोचायला हवा होता आणि आता भरत बसायला वेळ नव्हता.

रंगाऱ्याने तोंड कसंबसं धुतलं आणि आमची गाडी काढली. तिच्या मागे. माझा काटा शून्यावर होता, नेहमीसारखा. फरक एवढाच की गेले दोन दिवस तो शून्याखालचंच जाळत होता. वाटेत पंप आला. त्याचा पाय ब्रेकवर आला, मला जाणवलं. पण थांबला असता तर ती पुढे निघून गेली असती. पाय परत उचलला.

घाटाच्या पायथ्याशी गाड्या चार्ज करायचा एक खांब होता. केकवाली तिथे वळली. खांबावर कापड गुंडाळलेलं होतं, नादुरुस्त. तिने गाडी परत रस्त्यावर घेतली. ऊन असं होतं की डांबर माझ्या पोटाला चिकटेल असं वाटत होतं. पुढे ती, गाडीत केक, एसी पूर्ण जोरात. चढ तिची वीज खात होता आणि गारवा वेगळी खात होता. आमच्या गाडीत चढ मला खायचा, आणि गारव्याचा प्रश्नच नव्हता. रंगारी घामाने निथळत होता.

माथा एका वळणावर राहिला आणि पुढची गाडी हळू झाली. आणखी हळू. मग अगदी गोगलगाय. शेवटी कडेला घेऊन थांबली. बॅटरीने नंतर मला सांगितलं की तिच्यात दोन टक्के उरले होते, समोर कासवाचं चित्र लागलं होतं, आणि तिने पहिल्यांदा एसी बंद केला, कारण चाकं आधी. एसी बंद झाल्यावर केकवालीने खोक्याभोवती स्वतःचे दोन्ही हात धरले होते. जसा काही तिच्या हातांत गारवा होता.

रंगारी मागे थांबला. उतरला. दोघांच्या चपला मला समोरासमोर दिसल्या.

“जिंकलात,” ती म्हणाली. “झालं समाधान?”

“अगं, मी खरंच सांडेल म्हणून काढला.”

“वीज सांडते का हो?”

तो म्हणाला, “मला काय माहीत? पेट्रोल सांडतं.”

त्याच्या आवाजात असं काहीतरी होतं, शाळेत फळ्यासमोर उभं केलेल्या पोरासारखं, की तिच्या चपला जरा सैल झाल्या. वरून आवाज आला, नाकातून सुटल्यासारखा. ती हसली होती. हसू येत नव्हतं, तरी आलं. इतक्या वर्षांच्या खोड्यांत तिने त्याचा एक तरी असा वेंधळा चेहरा पाहिला होता का? सोंग करणारा माणूस एवढा वेंधळा दिसू शकत नाही. तिला कळलं.

“माथ्यापर्यंत पोचले की पलीकडे सगळा उतार आहे,” ती म्हणाली. “लेक म्हणत होती, उतारावर भरते.”

“उतारावर भरते? मग रोज वर ढकलायची आणि सोडून द्यायची.”

“ते नंतर बघू. दोर आहे का?”

दोर होता. पाट्या चढवायचा जाड दोर कायम डिकीत असायचा. नव्या गाडीच्या पुस्तकात अशी ओढाओढ करू नका असं लिहिलं असणार, पण ते पुस्तक घरी टीव्हीखाली होतं. त्याने आमची गाडी पुढे घेतली, दोर बांधला, पहिला गिअर टाकला आणि वर ओढायला लागला. चार पावलं गेलो आणि इंजिन खोकलं. आचके दिले आणि बंद.

आता ऐका, इथे माझं काम आहे. माझ्या पोटात पेट्रोल होतं, तळाला, थोडंसं. पण माझी चोखायची नळी पुढच्या अंगाला आणि गाडीचं नाक चढावर. सगळं पेट्रोल मागे जाऊन बसलं, नळी वाऱ्याला तोंड उघडून बसली. माझ्यात आहे आणि इंजिनाला मिळत नाही. माझी मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. तिकडे बॅटरी संपलेली, इकडे मी भरलेली असून उपाशी ठेवणारी.

रंगाऱ्याने चाकावर हात आपटला नाही. तो इतकी वर्षं माझ्या तळाशी खेळला होता, त्याला माझं पोट पाठ होतं. त्याने दोर सोडला, दोघांनी ढकलून गाडी अरुंद रस्त्यावर मागेपुढे करत पूर्ण फिरवली, मग त्याने चावी मारून इंजिन पुन्हा चालू केलं. आता आमचं नाक खाली, तिच्या नाकासमोर. पेट्रोल घळकन पुढे आलं आणि नळी बुडाली. दोर त्याने आमच्या पुढच्या बाजूला बांधला आणि तिच्या पुढच्या बाजूला. म्हणजे आम्ही उलटे वर जाणार आणि तिला तोंडासमोर धरून ओढणार. रिव्हर्स गिअर सगळ्यांत ताकदवान असतो, गाढवासारखा, सावकाश पण ऐकतो.

फक्त एक अडचण. रंगाऱ्याची मान वर्षभर आखडलेली, पाट्यांकडे बघून बघून. मागे वळता येत नव्हतं, आणि गाडीचे आरसे त्याने कधीच तोडून ठेवले होते. मागे काय आहे ते फक्त तिला दिसत होतं.

ती म्हणाली, “मी हात दाखवते, तुम्ही माझ्याकडे बघा.”

“आणि दरीत घातलंस तर?”

“तर प्लगची फिटंफाट.”

तो बसला. गिअर पडला. आणि आम्ही निघालो, उलटे. तिचा हात खिडकीबाहेर. डावीकडे, डावीकडे, सरळ, थांबा, एक दगड आहे, आता या. जन्मभर तिला फसवत आलेला माणूस डोळे तिच्या हातावरून न हलवता, मागे एकदाही न बघता, दरीच्या कडेने गाडी चढवत होता. समोरासमोर दोन काचा, मधे ताणलेला दोर. मला खालून हे काही दिसत नव्हतं. बॅटरीने सांगितलं, आणि नंतर रंगाऱ्याने सगळ्या गल्लीला, दर वेळी दरी थोडी खोल करून. मला एवढंच माहीत आहे की माझ्यात जे होतं ते मी दिलं. तळाचा गाळ दाबून धरला, नळीत जाऊ दिला नाही. कोपऱ्यातला, पोच्याच्या मागचा, वर्षानुवर्षं लपवलेला घोटसुद्धा सोडला. सवतीसाठी.

माथ्यावर पोचलो आणि त्याने दोर सोडला. गाडी वळवायला गेला तर इंजिन एकदाच गुरगुरलं आणि गप्प झालं. या वेळी चढ नव्हता, सपाट होतं. खरंच संपलं होतं. त्याने चावी दोनदा फिरवली, मग तिसऱ्यांदा फिरवली नाही.

केकवाली थांबली. त्याने हात हलवला की तू जा, केक वितळतोय. ती गेली.

पुढचं बॅटरीने मला जसं सांगितलं तसं सांगते. उतार लागला, केकवालीने पाय उचलला, गाडीने स्वतःच आपला लगाम ओढल्यासारखं केलं आणि दोनाचे तीन झाले. वळण, चार. तिने एसी हळूच लावला. पुन्हा वळण, पाच, सहा. ती म्हणे मोठमोठ्याने आकडे वाचत होती, गाडीत कुणी नसताना. आणि बॅटरी सांगते, आजी, ती वीज कुठून आली माहीत आहे का? तुम्ही मला जेवढं वर ओढलंत त्यातलंच काही मला उतारावर परत मिळालं. तुमचं पेट्रोल माझ्या पोटात वीज होऊन आलं.

मला ते नीट कळलं नाही. पण ऐकायला फार बरं वाटलं. तुम्हीसुद्धा उगाच समजल्यासारखी मान हलवू नका.

रंगारी माझ्या शेजारी, गाडीच्या सावलीत जमिनीवर बसला होता. बराच वेळ. एकटा माणूस किती खोड्या करणार? त्याने खिशातला खडू काढून रस्त्यावर एक फुटका टायर रंगवला, मग स्वतःच पुसला. एकदा त्याने हात मागे करून माझ्या पोटावर थाप मारली. असं त्याने आधी कधी केलं नव्हतं.

दुपार कलल्यावर विजेची गाडी न वाजता वर आली. हॉटेलात चार्ज झाली होती. केकवाली उतरली, हातात पेट्रोलचा डबा. इथे मी एक सांगून ठेवते, बॅटरीलाही सांगितलं. मला डब्यात घालून आणता आलं. विजेचा डबा कुणी हातात धरून घाटात चढून दाखवावा. तेवढी ऐट माझी मला राहू द्या.

रंगाऱ्याने विचारलं नाही. तिनेच सांगितलं. “उभा होता. वरचं एक फूल जरा वाकलं. आचारी म्हणाला, पुढच्या आठवड्यात दोन आणा.”

तो म्हणाला, बरं झालं. डबा घेतला आणि माझ्या तोंडात ओतायला लागला, अगदी सावकाश, एक थेंब बाहेर जाऊ न देता. ती म्हणाली की पैजेचं राहू द्या, तुमची गाडी राहील अंगणात. तो म्हणाला, नको. हिने आज जे केलं त्यानंतर हिला नुसतं अंगणात गंजवायचं का? मिस्त्रीकडे सगळं कामाला येईल. इंजिन एखाद्या पाण्याच्या पंपाला लागेल, चाकं कुणाला तरी लागतील.

तर आता मी मिस्त्रीच्या मागच्या आवारात आहे. गाडी सुटी झाली. इंजिन शेतातल्या पाण्याच्या पंपावर गेलं, तिथेही स्वतःला शहाणंच समजत असेल. मला आज कापायचं आहे, दोन अर्ध्या करायच्या, एकीत मिस्त्री नटबोल्ट धुणार आणि दुसरीत त्याची कोंबडी बसणार. कापण्याआधी माझ्यात पाणी भरतात. पेट्रोलची वाफ उरलेली असते, ठिणगी पडली तर मिस्त्री आणि कोंबडी दोघंही उडतील. आयुष्यात पहिल्यांदा पाणी प्यायले. बेचव आहे. तुम्ही रोज कसं पिता कोण जाणे.

रंगारी आणि केकवाली मला बघायला आले होते, विजेच्या गाडीतून. बॅटरी फाटकाशी उभी होती. मी तिला म्हटलं, पोरी, तुला जपतील तोवर जपतील, मग तुझंही कधीतरी पोट आक्रसेल आणि लोक म्हणतील, हिच्यात पूर्वीसारखं राहत नाही. तेव्हा रडू नकोस. कुठल्यातरी छपरावरच्या, उन्हाची वीज करणाऱ्या पाट्यांखाली जाऊन बस आणि रात्रीचा दिवा लाव. ती म्हणाली, आजी, तेच ठरलंय माझं. यांना काही शिकवावं लागत नाही.

मिस्त्रीने पाण्याची नळी माझ्या तोंडात जरा जास्तच वेळ ठेवली होती. रंगारी वाकून आत डोकावला. मला राहवलं नाही. पोटातली उरलेली हवा मी एकदम वर सोडली, भळाळ आवाज झाला, आणि पाण्याचा फवारा सरळ रंगाऱ्याच्या तोंडावर. शर्ट भिजला, मिशा भिजल्या. मिस्त्री हसला. केकवाली वळली.

“मी काही केलं नाही,” रंगारी म्हणाला.

“माहीत आहे मला,” ती म्हणाली, आणि पदराने त्याचं तोंड पुसलं.

मिस्त्री यंत्र घेऊन येतोय. मागे सरा, ठिणग्या उडतात. जाताना तुमच्या गाडीखाली एकदा वाका, पेट्रोलची असो की विजेची. खाली कुणीतरी तुमचं सगळं ओझं घेऊन पडलेलं असतं, आणि त्याला कुणी नाव विचारलेलं नसतं. गुडघे कुरकुरतील. कुरकुरू द्या.